अखेर (क्रियाविशेषण)

अखेर हा मराठी भाषेतील शेवट, समाप्ती किंवा दीर्घ प्रतीक्षेनंतर घडलेली गोष्ट दर्शविणारा शब्द आहे. तो नाम, क्रियाविशेषण अव्यय आणि शब्दयोगी अव्यय अशा तीनही प्रकारे वापरला जातो. मूळचा अरबी असलेला हा शब्द फारसीमार्गे मराठीत आला आणि राजव्यवहार, हिशेब, पत्रव्यवहार, वृत्तपत्रे व दैनंदिन बोलणे या सर्व क्षेत्रांत रूढ झाला. इंग्रजीतील ‘फायनली’ या क्रियाविशेषणाचे भाषांतर करताना मराठीत बहुधा हाच शब्द योजला जातो. मात्र दोन्ही शब्दांची अर्थव्याप्ती सारखी नाही. ‘फायनली’चे काही अर्थ ‘अखेर’ने व्यक्त होत नाहीत, आणि ‘अखेर’चा तारखेशी जोडून होणारा वापर ‘फायनली’त मुळीच नाही. शेती, कर्ज आणि महसूल यांच्या व्यवहारात या शब्दाच्या अर्थछटांना प्रत्यक्ष आर्थिक महत्त्व असते.

या लेखातील अनेक उदाहरणे परभणी जिल्ह्यातील जिंतूर व परिसराशी संबंधित आहेत. हा भाग १९४८ पर्यंत उर्दू ही राजभाषा असलेल्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे तेथे या शब्दाचे मराठी रूप आणि त्याचे उर्दू-दखनी रूप शेजारी शेजारी नांदताना दिसतात.

व्युत्पत्ती

‘अखेर’चे मूळ अरबी ‘आखिर’ या शब्दात आहे. त्याचा अर्थ ‘शेवटचा’ किंवा ‘शेवट’ असा होतो. याच धातूपासून ‘आखिरत’, म्हणजे मृत्यूनंतरचे जीवन किंवा परलोक, हा शब्द बनला आहे. तो मराठी मुस्लिम कुटुंबांच्या धार्मिक बोलण्यात आढळतो. सर्वसाधारण मराठीत मात्र रुळला नाही. हिंदी व उर्दूत ‘आखिर’, ‘आखिरी’ आणि ‘आखिरकार’ ही तीनही रूपे प्रचलित आहेत. मराठीने त्यांपैकी पहिले रूप ध्वनिबदल करून स्वीकारले. मूळ शब्दातील आद्य ‘आ’ ऱ्हस्व होऊन ‘अ’ झाला आणि मधल्या ‘इ’चा ‘ए’ झाला. परभाषेतून आलेल्या शब्दांतील स्वर मराठीत अशा रीतीने बदलल्याची अन्य उदाहरणेही आहेत. ‘हाजिर’चे ‘हजर’ आणि ‘खातिर’चे ‘खातर’ झाले.

मराठीचा स्वतःचा जुना शब्द ‘शेवट’ हा आहे. तो सामान्यतः संस्कृत ‘शेष’ या शब्दाशी जोडला जातो. यादवकालीन मराठीत ‘शेवटी’ या अर्थाने ‘शेखीं’ हे रूपही वापरात होते. म्हणजे ‘अखेर’ मराठीत आला तेव्हा ही जागा रिकामी नव्हती. नवा शब्द आल्यावर जुना नाहीसा झाला नाही. दोघांनी अर्थाची वाटणी करून घेतली, आणि हीच वाटणी आजही या दोन शब्दांतील फरकाच्या मुळाशी आहे.

इतिहास

बहमनी राज्याची स्थापना १३४७ मध्ये झाल्यानंतर दख्खनच्या राज्यकारभारात फारसीचा वापर वाढला. जमीनमहसूल, लष्कर, न्याय आणि हिशेब यांतील शेकडो शब्द या काळात मराठीत आले. ‘अखेर’ हा त्याच गटातील शब्द होय. ‘अव्वलअखेर’, म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत, हा जोडशब्द या व्यवहारी वापराची साक्ष देतो. हिशेबाला जसा आरंभ लागतो तसाच बंद करण्याचा एक निश्चित बिंदूही लागतो, आणि तो बिंदू सांगण्यासाठी ‘अखेर’ सोयीचा ठरला.

शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथपंतांनी सिद्ध केलेल्या ‘राजव्यवहारकोश’ या ग्रंथात फारसी-अरबी राजकीय शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा प्रयत्न झाला. तरीही व्यवहारातील असे अनेक शब्द टिकून राहिले. मराठेशाहीतील पत्रांच्या समाप्तीची पद्धत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पत्र संपल्याची खूण म्हणून ‘लेखनसीमा’ हा संस्कृतोद्भव शब्द, तर अधिकृत शिक्का झाल्याची खूण म्हणून ‘मोर्तब सुद’ हा फारसी वळणाचा शब्दप्रयोग रूढ होता. लेखनाचा शेवट दाखविण्याच्या कामी दोन्ही परंपरा एकत्र नांदत होत्या.

जेम्स मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ मध्ये आणि दुसरी १८५७ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाली. पुढे दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत निघाला. विसाव्या शतकातील भाषाशुद्धीच्या चळवळीत अरबी-फारसी शब्द टाळण्याचा आग्रह धरण्यात आला. ‘फार्शी-मराठी कोश’ (१९२५) तयार करणारे कवी माधव जूलियन, म्हणजेच माधव त्र्यंबक पटवर्धन, यांनीही या विषयावर ‘भाषाशुद्धि-विवेक’ हे पुस्तक लिहिले. या चळवळीमुळे काही शब्द मागे पडले. ‘अखेर’ मात्र मागे पडला नाही. आज सर्वसामान्य मराठी वाचकाला तो परका वाटत नाही.

व्याकरणिक स्वरूप

नाम म्हणून ‘अखेर’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे, उदा. ‘वर्षाची अखेर’. विभक्ती प्रत्यय लागताना त्याचे सामान्यरूप ‘अखेरी’ असे होते; ‘अखेरीस’ हे रूप त्यातूनच येते. याउलट ‘शेवट’ आणि ‘अंत’ ही दोन्ही नामे पुल्लिंगी आहेत. ‘अखेरचा, अखेरची, अखेरचे’ ही विशेषणरूपे आहेत.

क्रियाविशेषण म्हणून तो अविकारी असतो. कर्त्याचे लिंग व वचन बदलले तरी त्याचे रूप बदलत नाही. वाक्यात तो बहुधा आरंभी किंवा कर्त्यानंतर येतो.

शब्दयोगी अव्यय म्हणून तो महिना, तारीख किंवा कालखंड यांच्या नावाला जोडून येतो, उदा. ‘मार्चअखेर’, ‘वर्षअखेर’, ‘दिवसअखेर’. बहुतेक शब्दयोगी अव्ययांपूर्वी नामाचे सामान्यरूप होते (घर – घरापर्यंत). ‘अखेर’पूर्वी मात्र नाम मूळ रूपातच राहते. ‘महिनाअखेर’ असे म्हणतात, ‘महिन्याअखेर’ हे रूप त्या मानाने कमी आढळते. या बाबतीत ‘मार्चअखेर’ची रचना सामासिक शब्दासारखी आहे.

अर्थ

जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरी धरण आहे. त्याच्याविषयीचे एकच विधान तीन प्रकारे करून पाहिल्यास या शब्दाचे स्वरूप स्पष्ट होते.

१. अखेर येलदरी धरण भरले.
२. शेवटी येलदरी धरण भरले.
३. सप्टेंबरअखेर येलदरी धरण भरले.

पहिल्या वाक्यात प्रतीक्षा आहे. पाऊस लांबला होता, पाण्याची चिंता होती, आणि ती चिंता आता मिटली, असे ते सुचविते. दुसऱ्या वाक्याचे दोन अर्थ संभवतात. त्याचा अर्थ पहिल्या वाक्यासारखाच घेता येतो. किंवा इतर धरणे आधी भरली व येलदरीची पाळी सर्वांनंतर आली, असाही होतो. तिसऱ्या वाक्यात प्रतीक्षेची भावना मुळीच नाही. तेथे केवळ काळाची नोंद आहे.

यावरून ‘अखेर’चे पुढील अर्थ वेगळे करता येतात.

प्रतीक्षापूर्ती: बराच काळ अपेक्षित असलेली गोष्ट घडणे. ‘अखेर पत्र आले.’ हा अर्थ मुख्यतः भूतकाळात येतो.

परिणती: अनेक प्रयत्न, वाद किंवा अडचणी यांनंतर झालेला निर्णय. ‘बऱ्याच चर्चेनंतर अखेर त्यांनी जमीन विकली.’ येथे गोष्ट इष्टच असावी लागते असे नाही. नाइलाजाने झालेली गोष्टही ‘अखेर’ घडते.

अपेक्षाभंग: ‘अखेर तो आलाच नाही.’ नकारार्थी वाक्यात ‘अखेर’ वाट पाहण्याची समाप्ती दाखवितो, घटनेची नव्हे.

तात्पर्य: ‘अखेर तोही माणूसच आहे.’ सर्व बाजू पाहिल्यानंतर उरणारे सत्य सांगण्यासाठी हा वापर होतो. या अर्थी मराठीत ‘शेवटी’ अधिक स्वाभाविक वाटतो.

कालमर्यादा: ‘जूनअखेर’, ‘वर्षअखेर’. याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

भविष्यकाळात ‘अखेर’चा वापर मर्यादित आहे. ‘अखेर पाऊस येईल’ हे वाक्य अपुरे वाटते. तेथे ‘आज ना उद्या’, ‘केव्हा ना केव्हा’ किंवा ‘कधी तरी’ यांची योजना होते. आज्ञार्थात तर तो येतच नाही. ‘अखेर ये’ असे कोणी म्हणत नाही. ‘एकदाचा ये’ असे म्हणतात.

समीपार्थी शब्द

शेवटी

क्रम दाखविण्यासाठी ‘शेवटी’ हाच शब्द वापरावा लागतो. खरिपाची काढणी सांगताना ‘आधी मूग, मग सोयाबीन, शेवटी तूर’ असे म्हणतात. ‘अखेर तूर’ म्हटल्यास वाक्य बिघडते. ‘सर्वांत शेवटी’ ही रचना शुद्ध आहे, ‘सर्वांत अखेर’ ही नाही. दोन शब्दांतील फरक ओळखण्यासाठी ही सोपी कसोटी आहे: ज्या ठिकाणी ‘सर्वांत’ हा शब्द जोडता येतो, तेथे अर्थ क्रमाचा असतो आणि ‘शेवटी’च योग्य ठरतो.

सरतेशेवटी

‘सरणे’, म्हणजे संपणे, या क्रियापदाशी संबंधित असलेला हा शब्द कथनात्मक लेखनात आढळतो. त्यात घटनांची लांब साखळी गृहीत असते. एकाच घटनेनंतर ‘सरतेशेवटी’ येत नाही.

अंती

‘अंती’ हा शब्द आज स्वतंत्रपणे कमी आणि जोडून अधिक येतो, उदा. ‘चौकशीअंती’, ‘विचारांती’, ‘अनुभवांती’. त्यात आधी पूर्ण झालेल्या प्रक्रियेचा निर्देश असतो. ‘चौकशीअंती’ म्हणजे चौकशी पूर्ण झाल्यावर, तिच्या आधारे. ‘चौकशीच्या अखेरीस’ म्हणजे केवळ चौकशी संपत आली त्या वेळी. कार्यालयीन लेखनात हा भेद महत्त्वाचा ठरतो.

एकदाचा, एकदाची, एकदाचे

प्रतीक्षापूर्तीची भावना व्यक्त करण्याचा मराठीचा सर्वांत घरगुती मार्ग हा आहे. ‘पाऊस एकदाचा आला’, ‘वीज एकदाची आली’, ‘काम एकदाचे झाले’ या वाक्यांत तो शब्द ज्या गोष्टीची वाट पाहिली तिच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलतो. त्यात सुटकेचा निःश्वास असतो आणि क्वचित त्रासिकपणाही. ‘अखेर’ लिखाणात शोभतो, तर ‘एकदाचा’ बोलण्यात; त्यामुळे संवादाचे भाषांतर करताना दुसरा पर्याय अधिक उचित ठरतो.

अंतिम, अंतिमतः

‘अंतिम’ म्हणजे ज्यात यापुढे बदल होणार नाही असे. ‘अंतिम यादी’, ‘अंतिम आदेश’, ‘अंतिम मुदत’ यांत वेळेपेक्षा अधिकाराला महत्त्व आहे. ‘शेवटची यादी’ ही केवळ आतापर्यंत प्रसिद्ध झालेल्या याद्यांपैकी सर्वांत नंतरची असू शकते. ‘अंतिम यादी’नंतर सामान्यतः दुसरी यादी निघत नाही. या शब्दाशी एकाच अक्षराच्या फरकाने जुळणारा ‘अंतरिम’ हा शब्द त्याच्या जवळजवळ उलट अर्थाचा आहे. ‘अंतरिम आदेश’ हा तात्पुरता असतो, ‘अंतिम आदेश’ हा त्या न्यायालयापुरता निर्णायक असतो. घाईने वाचताना किंवा टंकलेखनात एक ‘र’ गळल्यास संपूर्ण अर्थ पालटतो.

गेला, मागील

इंग्रजीतील ‘लास्ट’ या शब्दाच्या प्रभावाने ‘गेल्या आठवड्यात’ या अर्थी ‘शेवटच्या आठवड्यात’ असे लिहिण्याची चूक भाषांतरित मजकुरात आढळते. मराठीत ‘शेवटचा आठवडा’ म्हणजे एखाद्या महिन्याचा किंवा मुदतीचा अखेरचा आठवडा होय.

तारखेला जोडून येणारा ‘अखेर’

महिना किंवा तारीख यांना जोडलेला ‘अखेर’ किमान तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगू शकतो.

‘मार्चअखेर काम पूर्ण होईल’ यात मुदत आहे. काम मार्च संपण्यापूर्वी केव्हाही पूर्ण होऊ शकते.

‘मार्चअखेर निम्मे काम पूर्ण झाले होते’ यात स्थिती आहे. मार्च संपला त्या क्षणी मोजलेली स्थिती येथे सांगितली आहे.

‘मार्चअखेर गारपीट झाली’ यात घटनेची वेळ आहे. मार्चच्या शेवटच्या दिवसांत ती घटना घडली.

कोणता अर्थ घ्यायचा हे क्रियापद आणि संदर्भ यांवरून ठरते. संदिग्धता टाळायची असल्यास अनुक्रमे ‘मार्चअखेरपर्यंत’, ‘३१ मार्च रोजी असलेली स्थिती’ आणि ‘मार्चच्या अखेरीस’ अशा रचना उपलब्ध आहेत. ‘३१ मार्चअखेर’ म्हटल्यास तो दिवसही मोजणीत धरला जातो. ‘३१ मार्चपूर्वी’ म्हटल्यास धरला जात नाही.

‘वर्षअखेर’ या शब्दाचा अर्थ कोणते वर्ष अभिप्रेत आहे यावर अवलंबून असतो. शासकीय व बँकांचे आर्थिक वर्ष ३१ मार्च रोजी संपते. महाराष्ट्रात महसुली वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै असे धरले जाते. साखर हंगामाचे वर्ष सप्टेंबरअखेर संपते. पंचांगानुसार वर्षाची अखेर फाल्गुनात होते, तर व्यापाऱ्यांच्या परंपरेत हिशेबाच्या जुन्या वह्या दिवाळीत बंद होतात. एकाच गावातील शेतकरी, तलाठी, बँक कर्मचारी आणि आडत दुकानदार यांची ‘वर्षअखेर’ त्यामुळे वेगवेगळ्या दिवशी येते.

क्रिकेटच्या वृत्तांतात ‘दिवसअखेर’ हा शब्द स्थिती या अर्थानेच रूढ आहे. त्यापुढे त्या दिवसाचा खेळ थांबला तेव्हाची धावसंख्या दिली जाते.

मराठवाडा व जिंतूर परिसरातील वापर

जिंतूर हे परभणी जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. जवळच्या नेमगिरी येथील जैन गुंफांमुळे आणि तालुक्यातील चारठाणा येथील प्राचीन मंदिरांमुळे ते परिचित आहे. परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानाचा भाग होता. १८८४ च्या सुमारास त्या संस्थानाच्या कारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली. संस्थानात फसली कालगणना प्रचलित होती. तिचा आरंभीचा महिना आजूर हा ऑक्टोबरमध्ये सुरू होई. म्हणजे त्या काळातील कार्यालयीन वर्षाची अखेर आजच्याप्रमाणे मार्चमध्ये नसून पावसाळ्याच्या शेवटाजवळ येत असे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानाने शरणागती पत्करल्यानंतर आणि पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात सामील झाल्यानंतर कारभाराची भाषा आणि कालगणना दोन्ही बदलली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. त्याच वर्षी भाषा संचालनालयाची स्थापना होऊन मराठी परिभाषेचे काम सुरू झाले.

या इतिहासामुळे मराठवाड्याच्या बोलण्यात या शब्दाची दोन रूपे शेजारी शेजारी आढळतात. लेखी व औपचारिक मराठीत ‘अखेर’ येतो. बोलण्यात ‘आखिर’, ‘आखरी’, ‘आखरीला’ ही रूपेही ऐकू येतात. ‘आखरीला’चा अर्थ बहुधा ‘सर्वांत शेवटी’ असा असतो. म्हणजे प्रमाण मराठीत ‘अखेर’ने न स्वीकारलेला क्रमवाचक अर्थ बोलीतील रूपाने स्वीकारला आहे. दखनी उर्दूत ‘आखिर’चा प्रश्नार्थक वाक्यात येणारा एक खास वापर आहे. त्यात अधीरता असते; ‘तुझे म्हणणे तरी काय?’ या मराठी वाक्यातील ‘तरी’ जे काम करतो, तेच काम तेथे ‘आखिर’ करतो. प्रमाण मराठीत ‘अखेर तुझे म्हणणे काय?’ असे म्हटल्यास त्याचा अर्थ बदलतो: बरीच चर्चा झाली, आता तुझा निर्णय सांग.

विदर्भ व लगतच्या भागात गावाबाहेरील गुरे जमण्याच्या जागेला ‘आखर’ म्हणतात. उच्चार जवळचा असला तरी अर्थाच्या दृष्टीने तो ‘अखेर’हून वेगळा शब्द आहे.

शेती व महसूल व्यवहारातील महत्त्व

शेवट दर्शविणाऱ्या शब्दांतील भेद ज्या व्यवहारांत प्रत्यक्ष परिणाम घडवितात, त्यांत पीक पैसेवारी हा एक आहे. गावातील पिकाचे प्रत्यक्ष उत्पन्न प्रमाण उत्पन्नाच्या तुलनेत किती, हे पैशांत सांगण्याची ही पद्धत आहे. खरिपाची पैसेवारी टप्प्याटप्प्याने जाहीर होते: सप्टेंबरअखेर नजरअंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित आणि त्यानंतर डिसेंबरमध्ये अंतिम. पैसेवारी ५० पैशांपेक्षा कमी आल्यास ते गाव टंचाईसदृश मानून जमीन महसुलात सूट व अन्य सवलती देण्याची प्रथा आहे. पहिल्या दोन टप्प्यांतील आकडे बदलू शकतात. तिसरा टप्पा ‘अंतिम’ असतो. म्हणून सप्टेंबरमधील आकड्याला ‘अखेर पैसेवारी जाहीर’ असे म्हणणे भाषेच्या दृष्टीने चूक नसले तरी वाचकाची दिशाभूल करू शकते. वाट पाहणे संपले एवढेच ‘अखेर’ सांगतो. निर्णय संपला असे तो सांगत नाही. २०१६ मध्ये केंद्र शासनाने दुष्काळ व्यवस्थापनाची नवी संहिता काढल्यापासून दुष्काळ जाहीर करताना पर्जन्यमान, वनस्पती निर्देशांक, मृदेतील ओलावा इत्यादी निकष विचारात घेतले जातात.

पीककर्जाच्या बाबतीत तारखेला जोडलेला ‘अखेर’ अधिक निर्णायक ठरतो. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर केलेल्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ या काळात घेतलेली आणि ३० सप्टेंबर २०१९ रोजी थकीत असलेली २ लाख रुपयांपर्यंतची कर्जे पात्र धरण्यात आली. अशी अट मराठीत ‘३० सप्टेंबर २०१९ अखेर थकीत’ अशीही मांडली जाते. येथे ‘अखेर’चा अर्थ मुदत नसून स्थिती आहे. त्या दिवशी खात्यावर थकबाकी असणे ही अट आहे. त्या दिवसापर्यंत केव्हा तरी थकबाकी होती, एवढे पुरेसे नाही. सप्टेंबरच्या आरंभी थकबाकीत असलेल्या आणि महिना संपण्यापूर्वी कर्ज पूर्ण फेडलेल्या शेतकऱ्याने मुदत या अर्थाने वाक्य वाचले तर तो स्वतःला पात्र समजेल. स्थिती या अर्थाने वाचले तर तो अपात्र ठरतो. नियमित परतफेड करणाऱ्यांना पुढे ५० हजार रुपयांपर्यंत प्रोत्साहनपर लाभ देण्याची स्वतंत्र योजना राबविण्यात आली. तीत पात्रतेचे निकष निराळे होते.

या कारणासाठी आर्थिक अटी लिहिताना ‘अखेर’ऐवजी ‘रोजी’, ‘पर्यंत’ किंवा ‘पूर्वी’ यांपैकी नेमका शब्द वापरणे अधिक स्पष्ट ठरते. ‘अखेर’ वापरायचाच असल्यास तो पूर्ण तारखेसह, आणि स्थिती की मुदत हे क्रियापदातून उघड होईल अशा रीतीने, वापरणे इष्ट होय.

इंग्रजी शब्दांशी तुलना

‘फायनली’ या शब्दाचे मूळ लॅटिन ‘फिनिस’ म्हणजे सीमा किंवा शेवट या शब्दात आहे. त्याचे तीन प्रमुख अर्थ आहेत, आणि मराठीत त्या प्रत्येकासाठी वेगळा शब्द लागतो. प्रतीक्षेनंतर घडलेल्या गोष्टीसाठी ‘अखेर’ किंवा ‘एकदाचा’. यादीतील किंवा भाषणातील शेवटच्या मुद्द्यासाठी ‘शेवटी’. आणि पुन्हा बदलणार नाही अशा निर्णयासाठी ‘कायमचा’ किंवा ‘अंतिमतः’. भाषणाच्या समारोपात ‘अखेर, मी आपले आभार मानतो’ असे म्हटल्यास आभार मानण्याची श्रोते वाट पाहत होते असा विनोदी अर्थ निघतो.

‘ॲट लास्ट’ हा वाक्प्रयोग केवळ प्रतीक्षापूर्तीसाठी येतो. म्हणून तो ‘एकदाचा’च्या सर्वांत जवळ आहे.

‘इव्हेन्च्युअली’चे भाषांतर ‘अखेर’ असे केले जाते, पण ते नेहमी बरोबर नसते. त्या शब्दात वाट पाहण्याची भावना आवश्यक नसते; काही काळ गेल्यानंतर घडले एवढेच अभिप्रेत असते. तेथे ‘कालांतराने’, ‘पुढे’ किंवा ‘यथावकाश’ हे शब्द अधिक योग्य ठरतात. फ्रेंच व जर्मन भाषांतील त्याच मूळच्या शब्दांचा अर्थ तर ‘कदाचित’ असा होतो. त्या भाषांतून मराठीत अनुवाद करताना ही बाब विशेष लक्षात घ्यावी लागते.

‘अल्टिमेटली’ हा शब्द परिणती व मूलभूत कारण अशा दोन्ही अर्थांनी येतो. दुसऱ्या अर्थासाठी मराठीत ‘मुळात’ हा शब्द वापरावा लागतो. म्हणजे इंग्रजीत शेवटाकडे बोट दाखवून सांगितलेली गोष्ट मराठीत आरंभाकडे बोट दाखवून सांगितली जाते.

इंग्रजी ‘फायनल’ हा शब्द मराठीत स्वतंत्रपणे रुळला आहे. ब्रिटिशकालीन मुंबई इलाख्यात मराठी सातवीच्या परीक्षेला ‘व्हर्नाक्युलर फायनल’ म्हणत, आणि ‘फायनल झालेला’ हे शिक्षणाचे एक परिमाण मानले जाई. आज बाजारात ‘सौदा फायनल’, ‘भाव फायनल’ हे प्रयोग ‘पक्का’ या अर्थाने सर्रास ऐकू येतात. शहरी तरुणांच्या बोलण्यात ‘फायनली’ हे क्रियाविशेषणही येते, आणि तेथे त्याने मुख्यतः ‘एकदाचा’ची जागा घेतली आहे.

वृत्तपत्रीय व ज्ञानकोशीय लेखन

मराठी बातम्यांच्या मथळ्यांत आरंभी येणारा ‘अखेर’ हा नेहमीचा शब्द आहे. तो माहिती देण्याबरोबर मतही देतो. ‘पुलाचे काम सुरू’ ही बातमी आहे. ‘अखेर पुलाचे काम सुरू’ यात विलंबाची तक्रार दडलेली आहे. कोणी वाट पाहिली आणि विलंब कोणामुळे झाला, हे न सांगताही तो सूचित करतो.

ऐतिहासिक लेखनातही हेच घडते. ‘१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले’ आणि ‘अखेर १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले’ या दोन वाक्यांतील घटना एकच आहे. दुसरे वाक्य मात्र १५ ऑगस्ट १९४७ नंतरचे तेरा महिने मोजत राहिलेल्यांच्या बाजूने लिहिलेले आहे. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील मुक्तिसंग्रामाच्या आठवणींत किंवा गौरवपर भाषणात तो शब्द स्वाभाविक आहे. तटस्थ नोंदीत तो वापरायचा असल्यास प्रतीक्षा कोणाची होती हे त्याच वाक्यात किंवा आधीच्या वाक्यात स्पष्ट असावे लागते.

लेखनविषयक संकेत

शब्दयोगी म्हणून आलेला ‘अखेर’ आधीच्या शब्दाला जोडून लिहितात: ‘जूनअखेर’, ‘महिनाअखेर’. तारखेत शेवटी वर्षाचा आकडा असल्यास तो सुटा लिहिला जातो, उदा. ‘३१ मार्च २०१९ अखेर’. क्रियाविशेषण म्हणून तो सुटाच असतो. त्यामुळे ‘जून अखेर आला’ आणि ‘जूनअखेर आला’ या वाक्यांचे अर्थ भिन्न होतात: पहिल्यात वाट पाहायला लावून जून महिना आला, दुसऱ्यात कोणी तरी जून संपता संपता आला. ‘आखेर’ आणि ‘अखेरिस’ ही रूपे प्रमाणलेखनात अशुद्ध मानली जातात. ‘अखेर’ आणि ‘अखेरीस’ ही रूपे शुद्ध होत.